कन्सोलवरचे मॉड : पऱ्हाटी, धान आणि न उघडणारी सेव्ह

या वेळच्या टपालात गेमिंगची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत : कन्सोलवर (पीएस फोर, एक्सबॉक्ससारख्या गेम खेळायच्या मशीनवर) मॉड कसे टाकायचे आणि टाकल्यावर गेम का बिघडतो. मॉड म्हणजे चाहत्यांनी स्वतः बनवून गेमला जोडलेली भर. नवा ट्रॅक्टर, नवा नकाशा, नवं हवामान, कधी एखाद्या जुन्या चुकीची दुरुस्ती. पीसीवर ही फाइल हातानं फोल्डरमध्ये टाकता येते. कन्सोलवर ती गेमनं उघडून दिलेल्या दारातूनच आत जाते. खालची निम्मी उत्तरं या एका फरकातून निघतात.

प्रश्न : पीएस फोरवर फार्मिंग सिम्युलेटर २२ आहे. यूट्यूबवर एकानं त्यात आपल्याकडचे ट्रॅक्टर अन् गावासारखे रस्ते टाकलेले दाखवले. त्याची झिप फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पण कन्सोलला ती दिसतच नाही. आम्हाला वावरात पऱ्हाटी अन् तूर लावायची आहे. (आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : पेनड्राइव्हमध्ये दोष नाही. ती झिप पीसीची आहे आणि ती आत घेण्याची सोयच पीएस फोरवर नाही. कन्सोलवर मॉड येतात ते फक्त गेमच्या मुख्य मेनूतल्या मॉडहबमधून. गेम बनवणारी जायंट्स सॉफ्टवेअर ही कंपनी प्रत्येक मॉड तपासून तिथे ठेवते. मॉडहबच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडखाली तो कोणत्या मशीनवर चालतो हे लिहिलेलं असतं. तिथे पीएस फोरचं नाव नसेल तर तो मॉड तुमच्यासाठी नाही, पुढे शोधण्यात वेळ घालवू नका. ज्या मॉडमध्ये लेखकानं स्वतःची स्क्रिप्ट, म्हणजे गेमचं वागणं बदलणारा कोड लिहिलेला असतो, ते कन्सोलवर येत नाहीत. म्हणून ऑटोड्राइव्ह आणि कोर्सप्ले हे पीसीवाल्यांचे लाडके मॉड तुम्हाला कन्सोलच्या यादीत सापडणार नाहीत.

पऱ्हाटीसाठी मात्र मॉडची गरजच नाही. कापूस या मालिकेत २०१८ च्या फार्मिंग सिम्युलेटर १९ पासून आहे. पण साध्या पेरणी यंत्रानं तो पेरला जात नाही, प्लँटर लागतो. वेचणीही हातानं नाही, कापूस वेचणारं मोठं यंत्र घ्यावं लागतं आणि ते महाग आहे. नव्या कास्तकारानं पहिल्या हंगामात सोयाबीन किंवा गहू करावा, हातात पैसा आला की कापसाकडे वळावं. तूर, हरभरा आणि संत्रा मूळ गेममध्ये नाहीत. नवं पीक सहसा नव्या नकाशासोबत येतं. त्यामुळे मॉडहबमध्ये पीक शोधण्याऐवजी नकाशे उघडा आणि त्यांच्या वर्णनात पिकांची यादी वाचा. नवा नकाशा घेतला तर शेतीही नव्यानं सुरू करावी लागते, चालू सेव्हचा, म्हणजे जपून ठेवलेल्या खेळाचा, नकाशा बदलता येत नाही.

मॉड उतरवूनही दिसत नाही, अशी तक्रार करणारी आणखी तीन पत्रं आहेत. कारण बहुधा एकच असतं. सेव्ह उघडताना मॉडची यादी येते, तिथे त्या मॉडपुढे खूण करायची राहून जाते. खूण केल्यावरच ते यंत्र दुकानात दिसतं. आणि मॉड काढायचा असेल तर आधी सेव्ह उघडून ते यंत्र विकून टाका, पैसे खात्यात घ्या, सेव्ह करा, मगच मॉड काढा. उलट क्रमानं केलं तर यंत्र नाहीसं होतं आणि त्यात घातलेला पैसाही जातो.

यंत्रं घेताना स्लॉटचा आकडा बघत जा. कन्सोलची मेमरी मोजकी असल्यामुळे प्रत्येक वस्तूला काही स्लॉट लागतात. ते संपले की बँकेत कितीही रक्कम असली तरी दुकान नवीन यंत्र देत नाही. वापरात नसलेल्या ट्रॉल्या विकल्या की जागा होते.

प्रश्न : आमच्याकडे धान. त्याचा मॉड कोणता? (आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : मॉड नको, पुढचा गेम हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या फार्मिंग सिम्युलेटर २५ मध्ये धान मूळ गेममध्येच आहे आणि तेही दोन प्रकारचं. एकाची रोवणी करतात, तर लांब दाण्याचं धान पेरता येतं. बांधीत पाणी भरणं आणि सोडणंही तुमच्याच हाती असतं. म्हशीसुद्धा आहेत. मात्र हा गेम पीएस फोर आणि एक्सबॉक्स वनवर येत नाही. त्याला पीएस फाइव्ह, एक्सबॉक्स सिरीज एस किंवा एक्स, नाहीतर पीसी लागतो. डिस्क घेण्याआधी हे नक्की बघा.

प्रश्न : एक्सबॉक्सवर स्कायरिम स्पेशल एडिशनमध्ये ४० च्या आसपास मॉड आहेत. आता एका गावाजवळ गेलं की गेम बंद पडतो. काही मॉड काढले तरी जागा रिकामी झालेली दिसत नाही. (सेलू, जि. वर्धा)

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत.

जागेचा आधी बघू. एक्सबॉक्सवर स्कायरिमच्या मॉडसाठी ५ जीबीची मर्यादा आहे. मॉड काढताना किंवा अपडेट करताना काही वेळा जुनी जागा मोकळी होत नाही आणि मोजणीत ती भरलेलीच धरली जाते. उपाय असा : गेम पूर्ण बंद करा. गेमच्या चौकटीवर मेनू बटण दाबून गेमच्या व्यवस्थापनात जा, तिथून सेव्ह केलेल्या डेटाकडे. तिथे तुमच्या नावाच्या सेव्हशिवाय ‘रिझर्व्ह्ड स्पेस’ अशी वेगळी नोंद दिसेल. फक्त तीच काढा. तुमच्या नावाच्या नोंदीला हात लावू नका, त्यात तुमचा सगळा खेळ आहे. रिझर्व्ह्ड स्पेस गेली की सगळे मॉड जातात आणि पुन्हा उतरवावे लागतात. म्हणून आधी मॉडची क्रमवार यादी फोनच्या कॅमेऱ्यानं टिपून ठेवा.

आता गेम बंद पडण्याचं. दोन मॉड एकाच गोष्टीला हात घालतात तेव्हा यादीत खाली असलेल्याचं म्हणणं चालतं. एकानं गावात झाड लावलं आणि दुसऱ्यानं तिथेच घर बांधलं, तर क्रम चुकल्यावर घरातून झाड उगवलेलं दिसतं. प्रकरण वाढलं तर गेम बंद पडतो. साधारण क्रम असा ठेवा : सर्वांत वर अनऑफिशियल स्कायरिम स्पेशल एडिशन पॅचसारखी चुका दुरुस्त करणारी मोठी फाइल. मग खेळाचे नियम बदलणारे मॉड, त्याखाली हवामान आणि उजेड, मग जमिनीचं व झाडांचं रूप, मग गावं आणि घरं, मग माणसं. एखाद्या मॉडच्या वर्णनात ‘मला सर्वांत खाली ठेवा’ असं असेल तर त्याचं ऐका. दोन मॉडमध्ये समेट करणारा पॅच त्या दोघांच्याही खाली यायला हवा.

क्रम लावूनही गेम बंद पडला तर निम्मे-निम्मे करून शोधा. सेटिंगमध्ये जाऊन झोपताना, थांबताना, प्रवासात आणि मेनू उघडताना आपोआप होणारं सेव्ह आधी बंद करा. शोधाशोध चालू असताना चुकून झालेली एक सेव्ह मूळ बिघाडाहून महाग पडते. मग २० मॉड बंद करा, नवा खेळ सुरू करून त्याच गावाजवळ जा. बंद पडला नाही तर दोषी मॉड बंद केलेल्या २० मध्ये आहे. पडला तर उरलेल्यांत. मग १०, मग ५. सहा फेऱ्यांत ४० मधला एक हाती लागतो. दुसऱ्या मॉडवर टेकून चालणारा मॉड त्याच्या आधाराबरोबरच चालू-बंद करा, नाहीतर फेरीचा निकाल फसवा येतो.

सापडलेला मॉड काढताना तो कोणत्या जातीचा आहे हे बघा. फक्त रंगरूप बदलणारा असेल तर बिनधास्त काढा. स्क्रिप्ट असलेला मॉड मात्र सेव्हमध्ये मुरलेला असतो. तो काढला तरी त्याचे धागे सेव्हमध्ये उरतात, आणि दहा तासांनी गेम कुठेतरी भलतीकडेच अडकतो. अशा वेळी तो मॉड टाकण्याच्या आधीच्या सेव्हवर परत जाणं हाच खरा उपाय. मॉडमुळे मिळालेलं घर काढायचं असेल तर आधी पेटीतलं सामान बाहेर काढा, घराबाहेर पडा, मग सेव्ह करा. म्हणून आमचा आग्रह आहे की कोणताही मोठा मॉड टाकण्याआधी वेगळी सेव्ह करावी आणि ती पुसू नये.

प्रश्न : माझ्या मावसभावाच्या एक्सबॉक्सवर स्कायरिममध्ये नवीन चिलखतं, नवीन झाडं, सगळं आहे. माझ्या पीएस फोरवर तेच मॉड सापडत नाहीत. मी नववीत आहे. (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : तू काही चुकत नाहीयेस. स्कायरिम आणि फॉलआउट ४ या दोन्ही गेममध्ये प्लेस्टेशनवरच्या मॉडला बाहेरून आणलेली चित्रं, आकार किंवा आवाज वापरायला सोनीची परवानगी नाही. गेममध्ये आधीपासून असलेल्या वस्तूच उलटसुलट करून वापरायच्या. म्हणून तुझ्याकडे नियम बदलणारे, शत्रू वाढवणारे, हवामान बदलणारे, जुनंच सामान लावून सजवलेली घरं देणारे मॉड मिळतील, पण नव्यानं घडवलेलं चिलखत मिळणार नाही. जागाही स्कायरिमला १ जीबीच आहे. फॉलआउट ४ चे मॉड एक्सबॉक्सवर मे २०१६ मध्ये आले, पीएस फोरवर नोव्हेंबरमध्ये, त्या उशिरामागेही हाच वाद होता. प्लेस्टेशनवर सगळीकडे असं नाही. फार्मिंग सिम्युलेटरमध्ये तपासून घेतलेली नवी यंत्रं पीएस फोरवरही येतात. बाल्डर्स गेट ३ मध्ये २०२४ पासून गेमच्या आतूनच मॉड घेता येतात, पण तो गेम मोठ्यांसाठी आहे, तू थांब.

प्रश्न : गावात वायफाय नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मॉड उतरवतो आणि मधेच लाइन (वीज) जाते. काय करावं? (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : आधी हिशेब करा. ८ एमबीपीएसचा वेग मिळाला तर सेकंदाला १ एमबी येतो. म्हणजे १ जीबीला सुमारे १७ मिनिटं आणि ५ जीबीला जवळजवळ दीड तास. रोज दीड जीबीचं पॅक असेल तर ५ जीबीला चार दिवस लागतील. म्हणून सगळे मॉड एकदम रांगेत लावू नका. एक उतरला की दुसरा, आणि मोठा मॉड पहाटे, टॉवरवर गर्दी नसताना. कन्सोलचे आपोआप होणारे अपडेट आधी बंद करा, नाहीतर दिवसाचं पॅक तेच खाऊन टाकतात. स्नोरनरसारख्या गेममध्ये मॉड मॉड-आयओ या सेवेतून येतात. तिथे फोनवर बसून मॉडची निवड करून ठेवता येते, मग कन्सोल सुरू केल्यावर गेम ते उतरवतो. शोधण्यात कन्सोलचा वेळ जात नाही.

मधेच लाइन गेली तर तो मॉड अर्धवट समजा. यादीत त्याचं नाव दिसत असलं तरी काढून पुन्हा उतरवा. अर्धवट फाइल हे गेम सुरू होतानाच बंद पडण्याचं नेहमीचं कारण आहे. सेव्ह होत असताना लाइन गेली तर ती सेव्हच खराब होऊ शकते, म्हणून दोन-तीन सेव्ह आलटून पालटून वापरा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा खटका यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा क्षण लांबतो आणि कन्सोल बंद होतो.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. पीएस फोरसाठी सोनीनं ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलं आहे. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ असतं. जड चित्रांच्या मॉडनी मशीन आणखी तापतं. उन्हाळ्यात दुपारी खेळू नका, आणि कूलरचा ओला झोत थेट कन्सोलवर घेऊ नका.

प्रश्न : मॉड टाकले तर ट्रॉफी मिळतात का? (अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : स्कायरिम आणि फॉलआउट ४ मध्ये साध्या मॉडसह खेळलेल्या सेव्हवर ट्रॉफी आणि अचीव्हमेंट, म्हणजे खेळातल्या कामगिरीची बक्षिसं, बंद होतात. मॉडआधीची सेव्ह शाबूत राहते, ट्रॉफीसाठी ती वेगळी चालवा.

प्रश्न : तालुक्याच्या एका दुकानात पीएस फोर ‘मॉड करून देतो’ म्हणतात. सगळे गेम फुकट, मॉडही हवे ते. द्यावा का? (दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर : देऊ नका. ते मॉड टाकणं नाही, कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर फोडणं आहे. मग अपडेट घेता येत नाहीत, ऑनलाइन गेलात तर खातं आणि मशीन कायमचं बंद होऊ शकतं, आणि वॉरंटी जाते. फुकटचे गेम ही चोरी आहे, हेही स्पष्ट सांगायला हवं.

प्रश्न : मी पुसदला बीएस्सी करते. आपल्याकडची ट्रॉली स्वतः बनवून कन्सोलवर आणायची आहे. सुरुवात कुठून करू? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : कन्सोलवर मॉड बनवता येत नाही. पीसी आणि पीसीवरचा फार्मिंग सिम्युलेटर लागेल. आकार घडवायला ब्लेंडर आणि गेममध्ये बसवायला जायंट्स एडिटर घ्या, दोन्ही मोफत आहेत. पहिल्यांदा हायड्रॉलिक नसलेली साधी दोन चाकी ट्रॉली घ्या. हलणारा प्रत्येक भाग काम दुप्पट करतो. मॉडची ओळख मॉडडेस्क नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असते, ती नोटपॅडमध्येही लिहिता येते. झिपच्या नावात मोकळी जागा ठेवू नका आणि नाव आकड्यानं सुरू करू नका, नाहीतर गेम मॉड वाचतच नाही. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं इथेच अडतं. कन्सोलसाठी स्वतःची स्क्रिप्ट टाळा आणि दुसऱ्याच्या मॉडमधला भाग विचारल्याशिवाय उचलू नका. प्रत्येक चाचणीनंतर गेमच्या फोल्डरमधली लॉग फाइल उघडा. तुमच्या ट्रॉलीच्या नावापुढे एकही त्रुटी किंवा इशारा उरला नाही की मगच मॉडहबकडे तपासणीला पाठवा.