तोल्वेच्या सान रोक्कोच्या जत्रेला जावं का? माझं उत्तर: नक्की जा

तुम्ही विचारलंय की १४ ते १७ ऑगस्ट दक्षिण इटलीतल्या मातेरा शहरात मुक्काम आहे, हॉटेलवाला म्हणाला की तोल्वे नावाच्या गावात १६ तारखेला सान रोक्को या संताची (सान म्हणजे संत) मूर्ती सोन्याने मढवून मिरवतात, तर तेवढ्यासाठी एक अख्खा दिवस घालवावा का, आणि सोबत ६८ वर्षांच्या शाकाहारी आई आहेत त्यांना झेपेल का. मी दक्षिण इटलीतल्याच बारी शहरात १३ वर्षं राहते, तोल्वेला तीनदा गेलेय, त्यातल्या एका खेपेला माझी आईसुद्धा सोबत होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी संत कोण ते समजून घ्या, नाहीतर नुसतं सोनं बघून परत याल. सान रोक्को मूळचा फ्रान्समधल्या माँपेलियेचा, चौदाव्या शतकातला, घरचं सगळं वाटून टाकून रोमच्या यात्रेला निघाला आणि वाटेत जिथे जिथे प्लेग होता तिथे थांबून आजाऱ्यांची सेवा करत राहिला. उत्तर इटलीतल्या पिआचेंझाजवळ त्याला स्वतःलाच प्लेग झाला, तेव्हा इतरांना लागण नको म्हणून एकटा रानात जाऊन पडला आणि एक कुत्रा रोज त्याला भाकरीचा तुकडा आणून द्यायचा, अशी कथा आहे. पुढे बरा झाला पण हेर समजून त्याला पकडलं आणि तो तुरुंगातच वारला. म्हणून त्याची मूर्ती कुठेही बघा, यात्रेकरूचा झगा, हातात काठी, शेजारी तोंडात पाव धरलेला कुत्रा, आणि एका हाताने कपडा बाजूला करून मांडीवरची गाठ दाखवतोय. संत स्वतःची जखम दाखवतोय हे मला पहिल्यांदा बघितलं तेव्हाच आत कुठेतरी लागलं होतं.

दक्षिण इटलीत डोंगरावरच्या गावागावात हाच का, तर त्याचं कारण प्लेग. १६५६ साली नेपल्सच्या राज्यात प्लेगने भयंकर माणसं गेली, नंतर १८३६-३७ ला कॉलरा आला, डॉक्टर नाही, औषध नाही, मग माणसं कुणाकडे जाणार? आपल्याकडे पटकीची साथ आली की मरीआईला साकडं घालायचे, तसंच हे. तोल्वेचा तर तो ग्रामदैवत म्हणावा असा संत आहे.

आता सोन्याबद्दल. कुणा राजाने वगैरे दिलेलं ते सोनं नाही. तो नवसाचा ढीग आहे, शेकडो घरांचा. बाळंतीण सुखरूप सुटली, मुलगा लढाईवरून परत आला, ऑपरेशन नीट झालं, अमेरिकेला गेलेल्याचं बस्तान बसलं, की आपल्या अंगावरचं काहीतरी काढून सान रोक्कोला द्यायचं. जत्रेसाठी हे सगळं मूर्तीवर चढवतात, झगा दिसतच नाही, चेहरा आणि हात तेवढे मोकळे. पोलिसांचा बंदोबस्त असतो. लांबून ते एकच झळाळतं चिलखत वाटतं, पण तुम्ही जवळून बघा. माझ्या समोर पालखी थांबली होती तेव्हा मला दिसलं, कमरेच्या जरा खाली एक लहान मुलाच्या बोटातली अंगठी, इतकी छोटी की माझ्या करंगळीच्या टोकालासुद्धा बसली नसती, आणि तिच्या बाजूला झिजून पातळ झालेली लग्नाची अंगठी. त्या दोन अंगठ्यांपुढे बाकीचं सोनं मला दिसेनासं झालं. त्या घरात काय झालं असेल याचा विचार अजूनही मधूनच येतो.

म्हणून माझा पहिला सल्ला, मुख्य चौकात उभं राहू नका. मी पहिल्या वर्षी तिथेच उभी होते आणि लोकांच्या डोक्यांशिवाय काही दिसलं नाही. चर्चपासून निघणाऱ्या अरुंद गल्लीत, जिथे वळण आणि चढ दोन्ही आहे अशा ठिकाणी थांबा, तिथे खांदेकऱ्यांना हळू व्हावंच लागतं, खांदा बदलतात, दम घेतात, आणि तेवढ्यात मूर्ती अगदी हाताच्या अंतरावर येते. कुणीतरी ‘व्हिवा सान रोक्को’ (म्हणजे सान रोक्को की जय) ओरडतं आणि वरच्या खिडकीपासून खालच्या पायरीपर्यंत सगळी गल्ली ‘व्हिवा’ म्हणते. बाल्कन्यांवर घरातल्या ठेवणीतल्या चादरी आणि रेशमी पलंगपोस टाकलेले असतात, ते पण बघा, लग्नात आलेले असतात ते.

वेळ मी सांगत नाही कारण दरवर्षी थोडी मागेपुढे होते. गावात शिरलात की भिंतींवर मोठी पोस्टरं चिकटवलेली दिसतील, त्यात एका बाजूला धार्मिक कार्यक्रम आणि दुसऱ्या बाजूला करमणुकीचे कार्यक्रम असे दोन भाग असतात, त्याचा फोटो काढून ठेवा म्हणजे झालं. मिरवणूक किती वाजता आणि कुठून, बँड कुठे, शोभेची दारू किती वाजता, सगळं त्यात असतं. हे सगळं गावची कमिटी वर्गणी काढून करते, घरोघरी फिरून, आणि परदेशात गेलेली मंडळीही पैसे पाठवतात.

हा परदेशाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तोल्वे ज्यात येतं तो बाझिलिकाता हा अख्खा प्रांतच लोकसंख्येने साडेपाच लाखांच्या आतला, आणि गेली सव्वाशे-दीडशे वर्षं तिथून माणसं बाहेरच जातायत, आधी अमेरिका-अर्जेंटिना, मग जर्मनी, स्वित्झर्लंड, उत्तर इटलीतल्या तोरिनोचे कारखाने. तोल्वे तीनेक हजार वस्तीचं गाव. हिवाळ्यात एकदा कामानिमित्त तिथून जाणं झालं तर दुपारी रस्त्यावर दोन म्हातारे आणि एक मांजर. ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावर स्विस आणि जर्मन नंबरप्लेटच्या गाड्या लावायला जागा नसते, बंद घरांची दारं उघडलेली, आणि नातवंडं आजीशी अर्धं जर्मन अर्धं गावच्या बोलीत बोलतायत. आपल्याकडे गणपतीला कोकणात मुंबईकर आल्यावर गाव जसं बदलतं ना, अगदी तसं. गावातल्या एक बाई मला म्हणाल्या, ख्रिसमसला नाही आले तरी चालेल, सान रोक्कोला आलंच पाहिजे. १६ सप्टेंबरला तिथे पुन्हा एकदा सान रोक्को साजरा करतात, पण तुमच्या तारखा ऑगस्टच्या आहेत तर तीच बघा.

२०२० साली करोनामुळे इटलीभर मिरवणुका बंद होत्या. साथीत धावून येणारा म्हणून ज्याला शतकानुशतकं खांद्यावर घेतलं तोच साथीमुळे चर्चमध्ये बसून राहिला. हे मला एका ओळखीच्या आजोबांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता, मला काय बोलावं सुचलंच नाही.

संध्याकाळी लाकडी चौकटींवर रंगीत दिव्यांच्या कमानी लागतात आणि बँड वाजतो. बँड म्हणजे लग्नातला डोळ्यासमोर आणू नका, दक्षिणेतल्या या बँडवाल्यांची मोठी परंपरा आहे, दिव्यांनी सजवलेल्या गोल लाकडी मंडपात बसून व्हेर्दी-पुच्चिनी या इटालियन संगीतकारांच्या ऑपेरातले भाग वाजवतात, गायकाच्या जागी फ्लिकॉर्नो नावाचं ट्रम्पेटसारखं वाद्य. समोर खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना प्रत्येक जागा पाठ असते. शेवटी रात्री उशिरा फटाके, त्याला थांबायचं की नाही ते आईंच्या तब्येतीवर ठरवा.

खाण्याचं. मांस भरपूर असतं, कोकराच्या आतड्याचे काठीवर भाजलेले रोल, पोर्केत्ता म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस वगैरे, त्यांचा धूर सगळीकडे येणार. पण शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. काचोकावाल्लो नावाचं भोपळ्याच्या आकाराचं चीज दोरीने निखाऱ्यावर टांगतात, खालून ते वितळून थेंब धरायला लागलं की सुरीने खरवडून भाजलेल्या पावावर घालतात, हे आईंना द्याच, फक्त वर बेकन नको असं आधी सांगा आणि चीजमध्ये रेनेट (जनावराच्या जठरातून काढलेलं, दूध घट्ट करायला वापरतात ते) असतं, ते त्यांना चालतं का विचारा. दुसरं म्हणजे पेपेरोनी क्रुस्की, सेनिसे गावच्या लाल मिरच्या वाळवून तेलात क्षणभर तळलेल्या, आपल्या सांडगी मिरचीसारख्या कुरकुरीत पण अजिबात तिखट नाहीत. शिवाय लुपिनी नावाचे भिजवलेले पिवळे दाणे, भाजलेले दाणे, तोर्रोने म्हणजे बदामाची कडक चिक्की.

जाण्यायेण्याचं मात्र मनावर घ्या. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तो, देशभर सुट्टी, आणि यंदाचा १६ कुठल्याही वारी येवो, बसच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या आणि ती आत्ताच बुक करा. मातेराहून तासाभराहून थोडं जास्त लागतं, रस्ता वळणांचा आहे, आईंना गाडी लागत असेल तर गोळी द्या. पेट्रोल १४ लाच भरून ठेवा. गाडी गावाबाहेर लावून चढ चालावा लागतो, दगडी फरशी गुळगुळीत असते, चपला नकोत, चांगली पकड असलेले बूट हवेत. दुपारी ऊन भाजून काढतं आणि रात्री वर गार होतं, शाल असू द्या, ती चर्चमध्ये खांद्यावर घ्यायलाही उपयोगी पडते. फोटो काढा, पण मूर्ती समोर असताना रडणाऱ्या माणसांच्या तोंडावर फोन धरू नका, बरीच माणसं रडतात.

आणि आईंना सांगा, मूर्ती समोरून जाताना हात जोडावेसे वाटले तर खुशाल जोडा. माझ्या आईने जोडले होते. शेजारच्या काळ्या कपड्यातल्या आजींनी तिच्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि आपली खुर्ची थोडी सरकवून तिला पुढे उभं राहायला जागा करून दिली.