ड्रायव्हर सीट बसलीय? 'कडक फोम टाका' एवढं मात्र म्हणू नका

दहा वर्षांची गाडी, दाराकडच्या बाजूने दबलेली सीट, नाशिकला जाऊन आलं की माकडहाड ठणकतं, आणि आता नाना पेठेत जाऊन 'कडक फोम' भरून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. अहो, मी अगदी हेच करून बसलोय.

कव्हर कसं काढतात वगैरे कारागीर बघतो, ते सोडा. माझी घोडचूक ही की 'जरा कडक टाका' म्हणालो आणि चहाला गेलो. येईपर्यंत त्याने मूळ फोमचा मधला भाग सुरीने कापून गोणीत टाकला होता. जागी रंगीबेरंगी चुऱ्याचा रिबॉन्डेड फोम, सोल्युशनने चिकटवलेला. सीट दोन इंच वर, डोकं छताला, आणि सिंहगड रोडचा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात!

कडकपणा वेगळा, डेन्सिटी वेगळी. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. हलका फोमही कडक मिळतो, पण लवकर बसतो. कंपनीचा फोम साच्यात पॉलीयुरेथेन ओतून सीटच्याच आकारात घडवलेला असतो. कापला की गेला. सरळ शीट कापून तो आकार येत नाही.

मग सर्व्हिस सेंटरच्या चार खेपा. दर वेळी नवा माणूस, तेच उत्तर: "फोम वेगळा येत नाही, पूर्ण सीट घ्या." पार्ट नंबर बघायचीही तसदी नाही. शेवटी पिंपरी-चिंचवडमधल्या कुदळवाडीच्या भंगारात त्याच मॉडेलची सीट सापडली. २०२५ मध्ये तिथली गोदामं पाडली, त्याआधीची गोष्ट.

मी यातला तज्ज्ञ नाही, पण माझं मत: आधी सीटखाली हात घालून फोमला आधार देणाऱ्या स्प्रिंगच्या तारा बघा. तार तुटली असेल तर फोम बिचारा निर्दोष. शीट घेणारच असाल तर १० सेंमी लांबी-रुंदी-उंचीचा तुकडा मागून वजन करा. ४० डेन्सिटीचा ४० ग्रॅम भरायला हवा. खडूची पूड घालून वजन वाढवणारेही असतात, म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका. सीटमध्ये एअरबॅग असेल तर बाहेरच्या कारागिराला हात लावू देऊ नका.

आणि त्या सोल्युशनचा वास! आमची ही पंधरा दिवस रिक्षानेच फिरली.