मिरगाच्या आधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, घाटाकडच्या आरोग्य उपकेंद्रावर तुझी नेमणूक झाली, हे ऐकून बरं वाटलं. जांबोटीपर्यंतचा रस्ता पाहून पुढचा अंदाज बांधू नकोस. आमगाव असो, नाहीतर हेमाडग्याच्या बाजूची गवाळी, पास्टोली, कोंगळा असो, ही गावं रानाच्या पोटात आहेत. मलप्रभा कणकुंबीत उगवते, म्हादई भीमगडच्या रानात. पाणी जिथं जन्माला येतं तिथंच तुझी माणसं राहतात. जूनच्या मध्यापासून ओढे भरले की पलीकडे जायला साकवाशिवाय काही उरत नाही, आणि साकव बुडाला की तेही नाही. मोबाईलची रेंज एखाद्या टेकाडावर मिळते, सोलरची बॅटरी ढगाळ आठवड्यात भरत नाही. म्हणून पावसाळ्याचं काम मे महिन्यात करायचं. मिरग लागल्यावर फक्त केलेल्या तयारीचा उपयोग होतो, नवी तयारी होत नाही.

पहिलं काम गरोदर बायांच्या यादीचं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळव, हा हिशेब तुला येतोच. पण तारीख कुणी सांगणार नाही, सण सांगतील. गणपतीच्या सुमारास पाळी आलेलीची तारीख जूनमध्ये येते, दिवाळीची जुलै-ऑगस्टमध्ये, संक्रांतीची ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे गणपती ते संक्रांत या काळात शेवटची पाळी आलेली प्रत्येक बाई पावसात बाळंत होणार. तिला तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी डांबरी रस्त्यावरच्या नातेवाइकाकडे आणायचं. पहिलटकरीण, आधी सिझर झालेली, जुळं असलेली, रक्तदाब वाढलेली, हिमोग्लोबिन कमी असलेली, यांना त्याहून आधी.

बाया नको म्हणतात ते अडाणीपणामुळे नव्हे. म्हशीची धार कोण काढणार, थोरल्या पोराला जेवायला कोण घालणार, लावणीला माणूस कुठून आणायचा, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरं ठरवल्याशिवाय नुसतं ‘दवाखान्यात चला’ म्हणून ती उठणार नाही. सासू, नवरा आणि शेजारीण अशा तिघांना एकत्र बसवून कोण काय करणार ते मे महिन्यातच बोलून घे. धनगरवाड्यावर हे बोलणं सकाळी लवकर कर, नंतर माणसं गुरांमागे रानात जातात.

लोहाच्या गोळ्या रोज एक, किमान १८० दिवस. चहासोबत घेतली की अंगी लागत नाही, म्हणून रात्री जेवून तासाभरानं घ्यायला सांग. शौचाला काळं होतं हे आधीच सांगून ठेव, नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात.

आता उचलून आणण्याचं. एका बांबूला घोंगडं बांधून केलेल्या झोळीत माणूस दुमडतो, श्वास अडकतो, गरोदर बाईचे तर फार हाल होतात. त्यापेक्षा जून झालेले, आठ फूट लांबीचे दोन सरळ बांबू घे. कोवळा बांबू वजनानं वाकतो. दोन-तीन तागाची पोती घेऊन त्यांच्या तळाचे दोन्ही कोपरे कापायचे आणि बांबू आरपार घालायचे. अंथरूण-पांघरूण दोन्हीला प्लास्टिकचा कागद हवा, कारण भिजलेली चादर अंगातली ऊब ओढून घेते. चार जण उचलणारे, चार बदलीला. सपाटीवर आणि उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे, म्हणजे डोकं कायम वरच्या बाजूला राहतं. गरोदर बाईला डाव्या कुशीवर निजवायचं. साठ किलो तांदळाची पोती ठेवून गावच्या पोरांकडून एकदा साकवापर्यंत चालवून बघ. कुठं पाय घसरतो, कुठं वळण बसत नाही, ते रुग्ण नसतानाच कळलेलं बरं.

सर्पदंशासाठी चार गोष्टी घरोघरी सांग: चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, रुग्णाला चालवायचं नाही. बांगड्या, अंगठ्या, पैंजण लगेच काढायचे, सूज आल्यावर निघत नाहीत. मोडलेल्या हाडाला बांधतात तशा फळ्या बांधून तो हात किंवा पाय स्थिर करायचा, चावल्याची वेळ कागदावर लिहायची. मण्यार फसवते. रात्री झोपेत चावते, सूज येत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या उघडत नाहीत. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला पावसाळ्यात असं झालं तर खूण शोधत बसू नकोस, हलव. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, हिरव्या चापड्यावर नाही. पण साप ओळखण्यात वेळ घालवायचा नाही, मारून आणायचा तर नाहीच. लस सुरू करताना आठ-दहा कुप्या लागतात, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात किती शिल्लक आहेत हे मेअखेर विचारून ठेव.

पाण्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पावसाळ्यात हगवण-कावीळ पाण्यातूनच येते आणि इथं हयगय सर्वांत जास्त होते. विहिरीत पांढरी पावडर मुठीनं फेकणं म्हणजे औषध टाकणं नव्हे. आधी पाणी मोज. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. आलेला आकडा हजार लिटरांत. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ९,४०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथं २४ ग्रॅम. बादलीत आधी घट्ट कालव, मग पाऊण बादली पाणी घाल, ढवळ आणि पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू दे. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत पाण्याखाली सोड आणि वर-खाली हलव. चुना विहिरीत जाऊ देऊ नकोस, पाणी कडक होतं. तासभर कुणी पाणी भरायचं नाही. रात्री केलंस तर सकाळी भांडण होत नाही.

पावसात दोन गोष्टी बिघडतात. पाण्याची पातळी रोज बदलते, म्हणून मे महिन्याचा आकडा जुलैत चालत नाही. आणि दमट हवेत पावडरीतला क्लोरीन उडून जातो. पुडी उघडल्यावर नाकाला झोंबली नाही, गोळा झालेली दिसली, तर ती वापरून समाधान मानू नकोस. लहान, घट्ट झाकणाच्या डब्यांत कोरड्या जागी ठेव आणि तासाभरानं पाणी तपासून बघ. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. झऱ्यावर हे जमत नाही. तिथं चौपदरी कापडानं गाळून, गढूळ असेल तर निवळू देऊन, वीस लिटरच्या घागरीला अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची एक गोळी आणि अर्धा तास थांबणं. गढूळ पाण्यात गोळी वाया जाते. उकळा म्हणून सांगण्याआधी त्या घरात कोरडं जळण किती आहे ते बघ.

ओआरएसची पुडी संपली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा आणि खरोखर सपाट हवा, मीठ जास्त झालं तर लेकराला अपाय होतो. झिंक चौदा दिवस द्यायचं. जुलाब थांबले की आया तिसऱ्या दिवशी बंद करतात, तेव्हा पुन्हा घरी जाऊन विचार.

उन्हाळ्यात दोन गोष्टी ध्यानात ठेव. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत माकडताप आढळलेला आहे, तेव्हा रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. आणि काळोख पडताना एकटीनं रानवाट धरू नकोस, अस्वलं त्याच वेळी फिरतात.

रस्ता, वीज, साकव हे विषय तुझ्यासमोर रोज निघतील. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे आणि परवानग्या अवघड आहेत. तरी २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) गावच्या तरुणांना वाचायला दे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाणी, रस्ता अशा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, ही मर्यादा आहे, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. तो ठराव कन्नडमध्ये नीट लिहून हवा. तुझे रजिस्टरही कन्नडमध्येच, तेव्हा लिहिणं पक्कं कर. बोलणं मराठीत होईल.

बायांची यादी पूर्ण झाली की तारखांसकट पाठव, एकदा बघून देते.

कळावे.
तुझी बाई