पर्यटकांच्या जिवावर जगता, मग राग कसला?

"पर्यटनस्थळी राहणारे लोक पर्यटकांवर एवढे का वैतागतात? त्यांचं पोट त्यावरच चालतं ना?" असा तुमचा प्रश्न आहे. दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, खरी मेख तिथेच आहे.

मी खडकवासला धरणाच्या पुढचा, गोऱ्हे बुद्रुकचा. पुण्याहून सिंहगडाला किंवा पानशेतला जाताना पावसाळ्यात तुम्ही जिथे ताटकळत बसता, तिथला. घरी पाच म्हशी आहेत. संध्याकाळचं वीस-बावीस लिटर दूध अण्णा दोन किटल्यांत भरतात, मोटारसायकलला दोन बाजूंना अडकवतात आणि धायरीकडच्या एका डेअरीवर घालतात. सातनंतर तिथे दूध घेत नाहीत. एरवी काही अडचण नसते. जुलैतल्या एका शनिवारी अण्णा साडेपाचला निघाले आणि चौपाटीपाशीच पावणेसात वाजले.

चौपाटी हे नाव कोणी दिलं देव जाणे. समुद्र नाही, वाळू नाही. धरणाच्या कडेने जाणारा रस्ता, एवढंच. त्याच रस्त्यावर गाड्या लावायच्या, बॉनेटवर बसून कणीस खायचं, भजी खायची आणि पाण्यासोबत फोटो काढायचे. मोटारसायकल कुठूनही निघते असं तुम्हाला वाटेल, पण दोन्हीकडे किटल्या लटकल्या की तीही आडवी पसरते. एका गाडीच्या आरशाला किटली लागली. आतले साहेब उतरले आणि भर रस्त्यात अण्णांना म्हणाले, "बघून चालवता येत नाही का? रविवारी तरी कशाला आणता हे?" त्या दिवशी शनिवार होता. साहेबांना सुट्टी लागली होती एवढंच त्यातून कळलं.

दूध परत आलं. दुसऱ्या दिवशी तासभर आधी निघू म्हणून अण्णा चारलाच धार काढायला बसले, तर म्हैस पान्हा सोडेना. तिला कुठे माहीत आज कोणता वार आहे ते.

आता पोटाचं. ज्यांची जमीन रस्त्याला लागून, त्यांनी हॉटेल टाकलं, पार्किंग काढलं, त्यांचं बरं चाललंय आणि ते पर्यटकांविरुद्ध अवाक्षर काढत नाहीत. आमची जमीन आत आहे. दोन बांध ओलांडून पर्यटकाचा रुपया आमच्यापर्यंत येत नाही, हॉर्न मात्र येतो. म्हणजे कमावतात थोडे आणि खोळंबतात सगळे. तुम्ही 'त्यांचं पोट' म्हणता तेव्हा या दोघांना एका ताटात वाढता.

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. बार्सिलोनात 2024 च्या जुलैमध्ये मोर्चा निघाला आणि काहींनी हॉटेलबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. तिथलं दुखणं घरभाड्याचं. घरमालकाला वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा चार दिवसांचा पाहुणा परवडतो, मग शहरात जन्मलेल्या माणसाला शहरात घर मिळेना. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दहा हजारांवर घरांचे परवाने 2028 पर्यंत बंद करू, असं तिथल्या महापौरांनी जाहीर केलंय. व्हेनिसच्या जुन्या शहरात तर आता 50 हजार माणसंही राहत नाहीत. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांकडून 2024 पासून ठरावीक दिवशी पैसे घेतात, सुरुवात पाच युरोंनी झाली. आपल्याकडे सिंहगडाच्या घाटाआधी गाडीमागे पैसे घेतात, पण कोंडी त्याच्या कितीतरी अलीकडे, धरणापासूनच सुरू झालेली असते.

मला विचाराल तर पैशापेक्षा एक वेगळी गोष्ट टोचते. एकदा दारात गाडी थांबली, काच खाली झाली आणि बाईंनी माझ्या आईला विचारलं, "इथे कोणी राहतं का हो?" आई उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. तिला वाटलं घर विकत घ्यायचंय की काय. त्यांना वॉशरूम हवं होतं. आईने दाखवलं, हातावर गुळाचा खडा ठेवून पाणीही दिलं. जाताना बाई म्हणाल्या, "किती लकी आहात, रोज हा व्ह्यू!" चांगल्या होत्या बिचाऱ्या, मनापासून बोलल्या. पण त्या 'व्ह्यू'त आम्हीही मोडत होतो, डोंगर, पाणी, लसूण सोलणारी बाई.

आणि हो, त्या पाण्याविषयी. धरणात गाड्या धुणारे, कागदी प्लेटा आणि बाटल्या सोडणारे बहुतेक पुण्याचेच असतात. खडकवासल्याचं पाणी पर्वतीला शुद्ध होऊन पुण्याच्याच नळाला जातं. या बाबतीत आम्ही कुणाला अडवत नाही. ज्याचं त्याने प्यावं.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. मागच्या डिसेंबरात पोराबाळांना घेऊन दापोलीकडे गेलो होतो. समुद्र दिसताच पोरं खाली उड्या मारू लागली, म्हणून दिसेल तिथे गाडी लावली. तासाभराने येतो तर गाडीपाशी एक आजी काठी टेकून उभ्या. मी गाडी लावली होती ती नेमकी त्यांच्या वाडीच्या बेड्यासमोर, म्हणजे फाटकासमोर, आणि आत नारळाचा टेम्पो अडकून पडला होता. मी माफी मागितली. त्या नंबरप्लेटवरच्या पुण्याच्या MH 12 कडे बघत म्हणाल्या, "बारा नंबर. वाटलंच मला." पुढे काही बोलल्या नाहीत. टेम्पो निघेपर्यंत मी मागे उभा राहून हात दाखवत होतो, तेवढंच प्रायश्चित्त.

आमच्या दुधाचं म्हणाल तर अण्णांनी भांडण केलं नाही, तोड काढली. आत्या गोळेवाडीत दिलीय, गडाच्या पायथ्याशी. शनिवारी संध्याकाळी गर्दी पुण्याकडे परतत असते, त्यामुळे तिच्याकडे जाणारी बाजू मोकळी असते. सगळं दूध आता तिकडे जातं. आत्या रात्री मडक्यांत विरजण लावते आणि रविवारी सकाळी जीपने गडावर नेते. अकरा-बारापर्यंत मडकी संपतात. ज्या गर्दीने दूध अडवलं तीच गर्दी दही खाते, वर "गावरान चव" म्हणून फोटो टाकते. अण्णांचा राग यामुळे गेला असं समजू नका. रविवारचं दूध अजून अडकतंच, आणि चौपाटीचं नाव काढलं की ते आजही एक शिवी देतात, जी इथे लिहिता येणार नाही.

तुम्ही सिंहगडावर येणार असाल तर जरूर या, पण मंगळवार-बुधवार बघून या. रस्ता रिकामा, गड रिकामा, वारा पोटभर. आमच्या आत्याचं दही मात्र त्या दिवशी मिळणार नाही. दूध डेअरीला गेलेलं असतं.