एनएफसी व्हिजिटिंग कार्ड (फोनला टेकवलं की आतल्या चिपमधून माहिती देणारं) माझ्या सॅमसंगवर चालतं, पण क्लायंटच्या आयफोनवर काहीच होत नाही. कार्ड खराब आहे का?

कार्ड खराब नाहीये हो, खराब असतं तर तुमच्या सॅमसंगवर पण चाललं नसतं. तुम्ही लिहिलंय की सॅमसंगला टेकवलं की लगेच कॉन्टॅक्ट सेव्ह करायची स्क्रीन येते आणि आयफोन ढिम्म हलत नाही, त्यातच बहुतेक उत्तर आहे. कार्डवाल्याने चिपमध्ये लिंक टाकलेली नाही, थेट नाव-नंबर भरलाय, म्हणजे व्हीकार्ड. अँड्रॉइड ते वाचतो आणि सरळ कॉन्टॅक्ट उघडतो. आयफोन मात्र कुठलंही ॲप न उघडता आपणहून जे टॅग, म्हणजे अशा चिपा, वाचतो त्यात त्याला लिंकसारखाच मजकूर लागतो, वेबसाइट, फोन नंबर, ईमेल, एसएमएस असलं काहीतरी. व्हीकार्ड आलं तर एरर पण देत नाही, नुसता गप्प बसतो आणि समोरच्याला वाटतं कार्डच बोगस आहे.

खात्री करायची तर एनएफसी टूल्स नावाचं ॲप घ्या, फुकट आहे, अँड्रॉइड आयफोन दोन्हीवर मिळतं. त्यात रीड करून कार्ड टेकवा, आत काय भरलंय ते दिसतं. व्हीकार्ड दिसलं तर मी म्हणतोय तेच. यूआरएल, म्हणजे लिंक, दिसली तर मात्र भानगड वेगळी आहे, ती खाली लिहितो.

व्हीकार्ड निघालं तर त्याच ॲपमधून राइटमध्ये जाऊन यूआरएलचा रेकॉर्ड ॲड करा आणि कार्डवर लिहा, जुनं पुसून नवीन बसतं. लिंक कशाची, तर स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्यावर एक साधं पान करून तिथे सेव्ह कॉन्टॅक्टचं बटण द्या, आणि नसेल तर सरळ व्हॉट्सॲपची डब्ल्यूए डॉट मी वाली लिंक टाका, स्लॅशनंतर ९१ आणि पुढे तुमचा नंबर, मधे प्लस किंवा स्पेस नको. आपल्याकडे नाहीतरी धंद्याचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवरच होतं. कार्डवाल्या कंपन्या वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर प्रोफाइल पेज देतात ते मला स्वतःला पटत नाही, कारण प्लॅन संपला किंवा कंपनीच बंद पडली तर चिप धडधाकट आणि पान गायब.

लिंकचा अजून एक फायदा म्हणजे जागा. स्वस्त कार्डात बऱ्याचदा एनटॅग २१३ चिप असते, तिच्यात फक्त १४४ बाइट मावतात आणि देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्त सुद्धा वेगळे मोजले जातात. नुसतं कुलकर्णी लिहिलं तरी २४ बाइट गेले. मराठीत नाव, हुद्दा, पत्ता हे सगळं त्यात बसणारच नाही, फोटोचं तर नावच काढू नका. वेब पेजवर काय हवं ते टाका.

एक मात्र सांभाळा, त्या ॲपमध्ये टॅग लॉक करायचा ऑप्शन असतो, दोन्ही प्रकारच्या फोनवर चालवून बघितल्याशिवाय त्याला हात लावू नका, एकदा लॉक केलं की परत उघडत नाही. कार्डवाल्यानेच आधी लॉक करून दिलं असेल तर राइट होणारच नाही, मग त्याच्याकडून बदलून घ्या.

आता आत यूआरएल असूनही आयफोनवर चालत नसेल तर आधी टेकवायची जागा बघा. आयफोनचा ॲन्टेना वरच्या कडेला असतो, आणि आपण सगळे सवयीने कार्ड पाठीच्या मधोमध लावतो कारण सॅमसंगवर तसं चालतं. कार्ड आयफोनच्या वरच्या टोकाला लावून क्षणभर स्थिर धरा, घासून लगेच उचलू नका. कागदोपत्री रेंज ४ सेंटिमीटरच्या आसपास सांगतात, मी तरी टेकवतोच. स्क्रीन चालू पाहिजे. कॅमेरा उघडा असेल, एअरप्लेन मोड असेल किंवा फोन रीस्टार्ट करून अजून एकदाही अनलॉक केला नसेल तरी तो वाचत नाही. आणि मॉडेल विचारा, २०१८ च्या एक्सएस, एक्सआरपासून पुढचे आयफोन आपोआप वाचतात, ७, ८ आणि एक्सवर कंट्रोल सेंटरमधलं एनएफसीचं बटण दाबावं लागतं आणि त्याला पण आयओएस १४ तरी पाहिजे.

कव्हर पण बघा. मागे गाडीच्या होल्डरसाठी लोखंडी पट्टी चिकटवलेली असते, तिने सिग्नल अडतो, किंवा कव्हरच्या आत डेबिट कार्ड नाहीतर मेट्रोचं कार्ड खुपसलेलं असतं, मग फोनला एकाच वेळी दोन चिप दिसतात आणि तो गोंधळतो. तुमचं कार्ड मेटलचं असेल तर उलटं करून बघा. धातूमुळे सिग्नल मरतो म्हणून आत फेराइटचा थर देतात आणि अशी कार्डं बऱ्याचदा एकाच बाजूने चालतात. दिसायला भारी पण मी तरी पीव्हीसीचंच घ्या म्हणेन.

बाकी अँड्रॉइडवाल्यांना एनएफसी ऑन आहे का आणि फोन अनलॉक आहे का एवढं विचारायचं. स्वस्तातल्या खूप फोनमध्ये एनएफसी नसतंच, तिथे कितीही टेकवा काही होणार नाही. म्हणून कार्डच्या मागे क्यूआर छापून घ्याच, आणि त्यात लिंक नको, व्हीकार्ड टाका. गंमत अशी की एनएफसीमधून जे व्हीकार्ड आयफोन आपणहून घेत नाही तेच क्यूआरमधून त्याचा कॅमेरा आरामात वाचतो, शिवाय त्याला नेट पण लागत नाही. एक्झिबिशनच्या हॉलमध्ये किंवा बेसमेंटमध्ये नेटवर्क गेलं की चिपमधली लिंक उघडत नाही, तेव्हा तो क्यूआरच कामाला येतो. फक्त त्यात नाव, नंबर, ईमेल एवढंच ठेवा, सगळा पत्ता कोंबला की ठिपके इतके बारीक होतात की छापल्यावर स्कॅन व्हायला त्रास होतो.