तिला उठवू नकोस

प्रिय मुली,

शांघायहून आलेले तुझे पत्र दोनदा वाचले. तुझ्या खोलीतली मैत्रीण नोकरी सोडून दिवसभर अंथरुणात पडून असते, आईचा फोनही घेत नाही, आणि तिला 'ऊठ' म्हणावे की गप्प बसावे हे तुला उमगत नाही. तिला उठवू नकोस. ती झोपते का, जेवते का, एवढेच विचार.

'तिला फक्त शिस्त हवी' हे तुझे वाक्य मला मुळीच आवडले नाही. 2021 मध्ये 'तांगपिंग', म्हणजे आडवे पडून राहणे, हा शब्द तिथल्या तरुणांच्या तोंडी रुळला, तेव्हा ग्वांगदोंग प्रांतातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकानेही त्याला लाजिरवाणे ठरवले होते. पण ज्या मुलीने लहानपणापासून 'दुसऱ्यांचे मूल बघ' हे ऐकत गाओकाओची, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची, तयारी केली, जिच्या एकटीवर आईवडील आणि चारही आजीआजोबांच्या आशा टेकल्या, आणि जिला सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस राबवणारी '996' पद्धत चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये बेकायदा ठरवूनही चुकली नाही, तिच्या थकव्याला आळस कसे म्हणतेस? जून 2023 मध्ये शहरांतल्या 16 ते 24 वयोगटाची बेरोजगारी 21.3 टक्क्यांवर गेली, आणि त्यानंतर काही महिने तो आकडा प्रसिद्ध करणेच थांबवले गेले. इतकी मुले एकदम आळशी झाली नव्हती.

तिथल्या एका कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळत असताना एका तरुण इंजिनिअरने मला सांगितले होते की तीन आठवडे त्याला झोप लागलेली नाही. 'तुझ्या वयात मी दोन-दोन पाळ्या करत होतो,' असे मी उत्तर दिले. महिन्याभरात तो गावी निघून गेला आणि पुढे त्याचे काय झाले ते मला कधीच कळले नाही. माल वेळेत पाठवण्याचा तगादा माझ्याही मागे होता, आणि अशा गोष्टी तेव्हा आमच्यात कुणी बोलत नसे. सबब म्हणून हे लिहीत नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. पुढे मुदतीआधीच मी ती नोकरी सोडली, तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांनी मला पळपुटा म्हटले. मी पळालो नव्हतो, दमलो होतो. हे मी अजूनही त्यांना ठणकावून सांगतो.

म्हणून पुन्हा सांगतो, थकव्याला आळस म्हणू नकोस. मात्र तू डॉक्टर नाहीस, हेही विसरू नकोस. 12356 हा मानसिक आधाराचा क्रमांक तिच्या उशाशी लिहून ठेव. तिने जगणे नकोसे झाल्याचे एकदा जरी बोलून दाखवले, तरी तिला एकटी न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात ने.

आणि तिची हरकत नसेल तर तिच्या आईचा पुढचा फोन तू घे. मुलगी कामाला कधी लागणार, असे ती विचारील. तू तिला आज मुलीने काय खाल्ले ते सांग.

तुझा,
काका