बेक्वे बेटावरील घर, 74 पायऱ्या आणि 'विना-परतावा' आरक्षण

पुण्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई, अमेरिकेतील भाऊ-वहिनी आणि मुले अशा आठ जणांनी डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस एकत्र घालवावेत म्हणून त्यांनी सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडाइन्स या देशातील बेक्वे या लहान बेटावर एक घर आरक्षित केले. आरक्षण एका भारतीय संकेतस्थळामार्फत झाले आणि 6,40,000 रुपये क्रेडिट कार्डाने आगाऊ भरले गेले. जाहिरातीत 'समुद्रकिनाऱ्यापासून 3 मिनिटे, सर्व वयोगटांसाठी सोयीचे' असे लिहिले होते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांनी पैसे भरण्यापूर्वी चॅटवर तसे विचारलेही होते, आणि 'काहीच अडचण येणार नाही' असे उत्तर मिळाले होते. आता घराच्या रखवालदाराशी बोलल्यावर कळले की घर फ्रेंडशिप बे या खाडीच्या वरच्या टेकडीवर असून रस्त्यापासून दारापर्यंत 74 पायऱ्या आहेत. कंपनी 'आरक्षण विना-परतावा आहे, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत' असे सांगते, आणि जाहिरातीतील मजकूर दरम्यान बदलला गेला आहे. पैसे परत मिळतील का, कोणावर दावा करायचा, आणि दुसरी जागा आताच घेतली तर हक्क बुडेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आपले पत्र वाचून प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो: आपली बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे, आणि तिचे कारण आपण पैसे भरण्यापूर्वी विचारलेला तो एक प्रश्न आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 18 आणि 19 नुसार चुकीच्या निवेदनावर विसंबून दिलेली संमती ज्याची दिशाभूल झाली त्याच्या इच्छेनुसार रद्द करता येते. मात्र कलम 19 ला एक अपवाद आहे. सामान्य दक्षता घेतली असती तर खरी स्थिती कळली असती, अशी परिस्थिती असेल तर निव्वळ चुकीच्या निवेदनाच्या आधारे करार रद्द करता येत नाही. कंपनीचा वकील हाच मुद्दा मांडेल, नकाशा पाहिला असता तर टेकडी दिसली असती असे म्हणेल. त्याला उत्तर असे की आपण दक्षता घेतली होती, ज्याच्याकडे माहिती असायला हवी त्यालाच थेट विचारले होते, आणि त्याने लेखी आश्वासन दिले होते. त्याशिवाय नकाशावर खाडी जवळ दिसते, पण चढ आणि पायऱ्या त्यावरून कळत नाहीत.

इथे बेटाची रचना महत्त्वाची ठरते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. बेक्वे सुमारे 18 चौरस किलोमीटरचे, डोंगराळ बेट आहे. पोर्ट एलिझाबेथ हे मुख्य गाव पश्चिमेकडील, वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या ॲडमिरल्टी बे या खाडीच्या तोंडाशी नव्हे तर तिच्या आतल्या टोकाला वसले आहे. देशाची राजधानी किंग्सटाउन इथून सुमारे तासाभरात येणारी बोट तिथेच लागते, बाजार आणि बेटावरचे छोटे रुग्णालय तिथेच आहे, आणि तिथून पाण्याच्या कडेने बेलमाँटची पायवाट दक्षिणेकडे जाते. त्याच बाजूला पुढे प्रिन्सेस मार्गारेट आणि लोअर बे हे वाळूचे किनारे आहेत. फ्रेंडशिप बे दक्षिण किनाऱ्यावर आहे, तर स्प्रिंग बे आणि इंडस्ट्री बे वाऱ्याच्या बाजूला, ईशान्येकडे आहेत. अनेक घरे दृश्यासाठी उतारावर बांधलेली असतात आणि पावसाचे साठवलेले पाणी वापरतात. अशा बेटावर घर कोणत्या खाडीवर आणि किती उंचीवर आहे, हाच सेवेचा गाभा असतो, कारण वयस्कर माणूस रोज घराबाहेर पडू शकेल की दहा दिवस गच्चीवर बसून राहील हे त्यावरच ठरते. त्यामुळे ठिकाणाविषयीचे चुकीचे वर्णन म्हणजे किरकोळ तपशिलातली चूक होती, असे कंपनीला म्हणता येणार नाही, आणि तक्रारीत आपण हे याच शब्दांत मांडावे.

दावा कोणावर करायचा, या प्रश्नाचे माझे उत्तर नि:संदिग्ध आहे: भारतातील कंपनीवर. घरमालकावर सेंट व्हिन्सेंटमध्ये दावा करायचा तर तिथे वकील नेमावा लागेल, आणि तिथल्या न्यायव्यवस्थेतील शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. 6,40,000 रुपयांसाठी हा मार्ग परवडणारा नाही. कंपनीचा 'केवळ मध्यस्थ' हा बचाव दोन कारणांनी दुबळा आहे. आपण जोडलेल्या व्हाउचरवर घराचे नाव आहे, मालकाचे नाव किंवा पत्ता कुठेच नाही. करार कायद्याच्या कलम 230 नुसार, प्रतिनिधीने आपल्या मूळ मालकाचे नाव उघड केले नाही तर करार त्यानेच स्वतःसाठी केला असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दुसरे कारण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये आहे. नियम 5 प्रमाणे विक्रेत्याचे नाव आणि भौगोलिक पत्ता ग्राहकाला ठळकपणे दाखवणे आणि सेवेचे वर्णन वास्तवाशी जुळते अशी हमी विक्रेत्याकडून घेणे, हे अशा संकेतस्थळाचे कर्तव्य आहे. शिवाय चॅटवरचे आश्वासन कंपनीच्याच कर्मचाऱ्याने दिले होते, आणि स्वतः दिलेल्या शब्दाबाबत कोणालाही मध्यस्थ म्हणवून घेता येत नाही.

'विना-परतावा' या शब्दाने आपण घाबरून गेल्याचे पत्रावरून जाणवते. ही अट आपण स्वतःच्या मर्जीने बेत रद्द केला असता तर लागू पडली असती. ज्या करारात संमतीच दिशाभूल करून मिळवली, तो रद्द झाल्यावर करार कायद्याच्या कलम 65 नुसार मिळालेला लाभ परत करावा लागतो. कंपनीने अट लागू पडते असे म्हटले, तरी कलम 74 आणि कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (2015) या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तिच्या आड येतो: प्रत्यक्ष नुकसान झालेले नसताना केवळ करारात लिहिले आहे म्हणून रक्कम जप्त करता येत नाही. डिसेंबरचा शेवट हा त्या भागातील कोरड्या ऋतूतला मागणीचा काळ असतो आणि आपण दोन महिने आधी कळवत आहात, त्यामुळे घर पुन्हा देण्यास पुरेसा अवधी आहे. ही अट मुळातच 'अन्याय्य करार' आहे असेही म्हणता येईल, परंतु तसा दावा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार राज्य ग्राहक आयोगाकडे करावा लागतो. माझ्या मते आपण त्या वाटेला जाऊ नये. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' एवढ्या दोन आधारांवर पुण्यातील जिल्हा आयोगातच तक्रार चालवावी.

आता काय करायचे ते क्रमाने सांगतो. आजच चॅट, व्हाउचर, बदललेले पान आणि कार्डाचे विवरणपत्र जपून ठेवा. संभाषण त्यांच्या ॲपमध्ये असल्याने ते केव्हाही दिसेनासे होऊ शकते, म्हणून स्क्रीनशॉटबरोबर संपूर्ण चॅटचे व्हिडिओ चित्रणही करा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र त्यासोबत लागेल. ते आता दोन भागांत, एक आपल्याकडून आणि एक तज्ज्ञाकडून, द्यावे लागते. रखवालदाराकडून पायऱ्यांचे छायाचित्र मागवा. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने कळवा की आपण करार रद्द करत आहात आणि पूर्ण रक्कम परत हवी आहे. 48 तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे त्याला बंधनकारक आहे. त्याच वेळी बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम बँकेमार्फत परत मागण्याचा, अर्ज करा. मुक्कामाची तारीख उलटलेली नाही म्हणून बँक तो थांबवून ठेवू शकते, पण अर्ज नोंदलेला असणे महत्त्वाचे आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरील नोंदीने पुष्कळदा कंपनीचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

याने प्रश्न सुटला नाही तर ई-जागृती पोर्टलवरून पुण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाला अधिकारक्षेत्र मिळते, 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात, आणि आपल्या रकमेसाठी शुल्क 200 रुपये आहे. कंपनीच्या अटींत लवादाचे कलम आहे, पण त्याने ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग (2018) या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुदत दोन वर्षांची आहे.

तिसरा प्रश्न दुसऱ्या जागेचा. ती जरूर घ्या, त्याने हक्क बुडत नाही. उलट करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाती होते त्यांचा विचार भरपाई ठरवताना होतो. मात्र करार रद्द केल्याचे ईमेल आधी जाऊ द्या, आणि नवे आरक्षण निश्चित करूनच प्रवासाच्या तयारीला लागा, कारण आगमनाच्या वेळी इमिग्रेशन अधिकारी मुक्कामाचा पत्ता विचारतात. आपण दोन पर्याय लिहिले आहेत: बेलमाँटच्या पायवाटेलगत तळमजल्यावरच्या चार खोल्या, आणि स्प्रिंग बेजवळचे स्वस्त घर. मी पहिला पर्याय घेईन. बोटींची आणि उपाहारगृहांची थोडी वर्दळ सोसावी लागेल, पण धक्का, दुकाने, रुग्णालय आणि समुद्र आईंना टॅक्सीशिवाय गाठता येईल. त्याचे भाडे जुन्या घराहून फार जास्त नाही, म्हणून फरकाची रक्कम भरपाईत मागणेही वाजवी ठरेल. आलिशान रिसॉर्ट घेतले असते तर तसे म्हणता आले नसते. पैसे देण्यापूर्वी रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या, खोली कोणत्या मजल्यावर, न्हाणीघरात आधाराची कडी आहे का आणि रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल, ही चार उत्तरे ईमेलवर मागून घ्या.

कुटुंबातील काही जण म्हणतात तसे 'आता जाऊन राहू आणि मग भांडू' हा मार्ग मला पटत नाही. तिथे राहिलात तर करार रद्द करण्याचा अधिकार संपतो. भरपाईचा अधिकार कलम 19 खाली उरतो, पण आईंचे दहा दिवस त्या पायऱ्यांवर जातील, आणि त्यांची किंमत कोणताही आयोग नीट लावू शकणार नाही.

शेवटी तक्रारदार कोण असावे याविषयी. पैसे आपण भरले असले, तरी आपल्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येनुसार ग्राहक असते. म्हणून आईंना सहतक्रारदार करा, त्यांचे शपथपत्र आणि अस्थिरोगतज्ज्ञांचे प्रमाणपत्र तक्रारीसोबत जोडा, आणि सुनावणीला त्यांना नेणे अवघड असेल तर कलम 38 मधील व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या तरतुदीखाली तसा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.